ओमडेनच्या खाणीतला मोठा अमोनाइट: सापडल्यापासून स्टँडवर चढेपर्यंतच्या नोंदी

श्टुटगार्टच्या बाजूला राहणाऱ्या आणि पोरांना घेऊन होल्ट्समाडेन-ओमडेनच्या खाणींवर जायचा बेत करणाऱ्या मराठी मंडळींसाठी या नोंदी. अमोनाइट म्हणजे गुंडाळी घेतलेला शंख असलेला, केव्हाच नामशेष झालेला समुद्री जीव. दगड फोडायचा कसा हे तिथे कोणीही दाखवतं. घरी आणल्यावर त्याचं काय होतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

२७ एप्रिल २०२४, शनिवार

नुसती पाहणी. पैसे भरून आत जायचं, हातोडा-छिन्नी तिथेच भाड्याने मिळते. साधेसुधे जीवाश्म घरी नेता येतात. हा सगळा पट्टा १९७९ पासून कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे इक्थिओसॉर (माशासारखा दिसणारा समुद्री सरपटणारा प्राणी), मगर असं काही दुर्मीळ निघालं तर ते दाखवावं लागतं आणि ते राज्याचं होतं. आत जाण्यापूर्वीच लेकाला हे नीट समजावलं, नाहीतर गेटवर रडारड.

दगड म्हणजे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या, ज्युरासिक काळातल्या समुद्रतळाचा चिखल. तळाशी प्राणवायू जवळजवळ नव्हता, म्हणून मेलेले जीव कोणी कुरतडले नाहीत, विस्कटले नाहीत. चिखलाच्या या थराथराच्या दगडाला शेल म्हणतात. त्यात तेलाचा अंश आहे, लादी फुटली की रॉकेलचा भपकारा येतो. आमच्या साताऱ्याकडचा काळा पाषाण लाव्ह्याचा, त्यात असलं काही शोधायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे पहिल्याच लादीत चपटा झालेला डॅक्टिलिओसेरस (अमोनाइटचाच एक प्रकार) दिसला तेव्हा मी लेकापेक्षा मोठ्याने ओरडले.

दिवसभरात तसेच लहान अमोनाइट आणि थोडे बेलेम्नाइट (स्क्विडसारख्या जीवाचे बंदुकीच्या गोळीसारखे अवशेष). मोकळ्या ढिगाऱ्यातले तुकडे आधीच्या लोकांनी फोडून झालेले असतात. वेळ द्यायचा तर न फुटलेल्या जाड लाद्यांना द्यावा.

११ मे, शनिवार

गुरुवारच्या सुट्टीला जोडून बऱ्याच जणांनी शुक्रवारही टाकलेला, त्यामुळे खाणीत जत्रा. आम्ही कोपऱ्यात, एका कठीण चुनखडीच्या थराखालून सुटलेल्या लाद्यांवर बसलो. या थराला इथे ‘उंटरर श्टाइन’ म्हणतात.

या वेळी फोडण्याआधी प्रत्येक लादीची कड ओल्या फडक्याने पुसून बघत होते. एका लादीच्या कडेत तपकिरी-काळी रेघ दिसली. जाडी जेमतेम मिलिमीटरभर, पण लांबी वीतभराहून जास्त, आणि मधेच तुटून पुन्हा सुरू होणारी. लहान अमोनाइटची रेघ बोटभरात संपते. ही संपेना.

लादी उभी करून नवऱ्याने धरली. मी पातळ छिन्न्या रेघेच्या जरा वर, कडेने ओळीत लावल्या आणि एकेकीवर हलकेच टिचक्या मारत गेले. एकाच छिन्नीवर जोर दिला तर लादी आडवी मोडते. चौथ्या-पाचव्या फेरीला ‘टक्’ असा पोकळ आवाज आला आणि वरची बाजू सुटली.

टेपने मोजला: ३८ सेंटिमीटर. बाहेरचा वेढा रुंद, त्याच्यावर आडव्या बारीक सुरकुत्या, काही ठिकाणी पायराइटचा (लोखंड आणि गंधकाचं खनिज) पितळी मुलामा. मधे मात्र मोठा खड्डा. आतले वेढे खालच्या लादीवर नव्हतेच, ते वरच्या लादीला चिकटून निघाले होते. फूट जीवाश्माच्या अंगावरून न जाता मधेच उडी मारून गेली होती.

इथे दोन गोष्टी आमच्या हातून बरोबर झाल्या. एक, वरची लादी टाकून दिली नाही. शेजारची माणसं खुशाल टाकत होती. दोन, वजन कमी करायला नवरा कडा छाटू पाहत होता, त्याला थांबवलं आणि चारी बाजूंना हातभर नाही तरी वीतभर दगड ठेवला.

उचलताना मात्र खालच्या लादीचे तीन तुकडे झाले. दोघांनी दोन टोकांना धरलं, मधे आधार नव्हता. आधी खाली फळी सरकवायची आणि मग फळीसकट उचलायचं, हा क्रम आहे. बाहेरच्या वेढ्याचा एक टवका उडाला तो ढिगाऱ्यात गेला. तासभर शोधला, नाही मिळाला.

तुकड्यांवर खडूने आकडे, जोडांवर आडव्या खुणा, फोटो, चुरा पाकिटात. ओल्या शेलला चिकटपट्टी धरत नाही, म्हणून सगळं क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून जुन्या रजईवर, डिकीत आडवं ठेवलं.

१२ मे, रविवार

वरच्या लादीचा एक तुकडा ‘लवकर वाळेल’ म्हणून बाल्कनीत उन्हात ठेवला होता. दुपारपर्यंत कडेने चिरोट्यासारखे पापुद्रे सुटायला लागले. खाणीतून निघालेला शेल आतून ओला असतो. बाहेरची बाजू आधी वाळून आक्रसली की तो थराथरात उलतो. ताबडतोब आत आणला, पुन्हा फिल्ममध्ये गुंडाळला, फिल्मला सुईने मोजकीच भोकं पाडली आणि सगळे तुकडे तळघरात ठेवून दिले. सुटलेल्या पापुद्र्यांत पातळ सुपरग्लू सोडला, तो आपोआप आत ओढला जातो. नशिबाने त्या कोपऱ्यात जीवाश्म नव्हता.

बाकी रविवार, त्यामुळे ठोकाठोक बंद. इथे रविवारी भिंतीत खिळा मारला तरी शेजारी दार वाजवतात.

२६ मे, रविवार

वाळणं चालू. वजनकाट्यावर आधी मी एकटी, मग लादी घेऊन मी, आणि वजाबाकी. आठवडाभर आकडा हलला नाही की वाळली असं समजायचं. अजून हलतोय.

घाई करावीशी वाटते, कारण फिल्मच्या आड तो दिसत राहतो. या काळात सुईसुद्धा लावू नये.

३ जून, सोमवार

दक्षिण जर्मनीत पूर. आमच्याकडे पाणी शिरलं नाही, पण तळघराच्या भिंतींना ओल आली आणि हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ८० टक्क्यांच्या वर गेला. पायराइटला दमट हवा अजिबात चालत नाही. तो हळूहळू कुजतो, पांढरी-पिवळी भुकटी सुटते, आम्ल तयार होतं आणि मग दगडासकट सगळं भुसभुशीत होतं. म्हणून रात्री साडेदहाला सगळे तुकडे जिन्याने वर आणून बेडरूमच्या कपाटात. कपड्यांना चार दिवस रॉकेलचा वास.

८ जून, शनिवार

आज पॅरालॉइड. एसिटोनमध्ये विरघळवलेला हा रेझिन संग्रहालयांतही वापरतात. शंखाचा उरलेला पापुद्रा इतका पातळ आहे की फुंकर मारली तरी कड हलते, म्हणून त्याला आधी बसवून घ्यायचं होतं. साधारण पाच टक्क्यांचं द्रावण मऊ ब्रशने लावलं.

दहा मिनिटांत सगळ्या वेढ्यावर पांढुरकं धुकं. एसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा तिथे बसतो आणि रेझिन पांढरा पडतो. परवाच्या पावसानंतर खोलीत दमटपणा होताच. उपाय सोपा निघाला: एसिटोनमध्ये भिजवलेला कापूस टेकवत टेकवत रेझिन उतरवला, घासला नाही. खिडक्या बंद करून डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) रात्रभर चालवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. या वेळी स्वच्छ. पॅरालॉइडचा हाच फायदा, कधीही परत काढता येतो. फेविकॉलच्या जातीचा पाणी असलेला कुठलाही गोंद इथे वापरू नका, शेल पाणी पितो आणि फुगतो.

१५ जून, शनिवार

आमच्या गल्लीत एक निवृत्त आजोबा आहेत, पन्नास वर्षं दगड साफ करतायत. त्यांना दोन्ही बाजू दाखवल्या. मी विचारलं, वरच्या लादीतले आतले वेढे कापून काढून खाली कसे बसवू? ते म्हणाले, काही कापू नका. दोन्ही बाजू होत्या तशा पुन्हा एकमेकींवर चिकटवा आणि वरून दगड काढत खाली या.

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा. “अगं, एवढ्या कष्टाने उघडलेला, तो परत बंद करायचा?”

पण विचार केला तर दुसरा मार्गच नाही. तो पापुद्रा कापून उचलला तर त्याचा चुरा होणार. दगडाला चिकटलेला तसाच राहू दिला आणि पाठीमागून दगड काढला तर तो बरोबर आपल्या जागी बसलेला मिळतो. होल्ट्समाडेनचे इक्थिओसॉरसुद्धा वरून नाही, खालच्या बाजूने साफ करतात, कारण चिखलात रुतलेली बाजू जास्त शाबूत असते. कुठली बाजू आधी दिसली याला महत्त्व नाही.

सुपरग्लू एवढ्या मोठ्या पृष्ठाला चालत नाही, टेकवला की संपलं, सरकवायला वेळ मिळत नाही. सावकाश बसणारा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) घेतला. आधी फुटक्या लाद्यांवर दोन वेळा करून पाहिला: जाड लावला तर वरची बाजू तरंगते आणि वेढे जुळत नाहीत. मग दोन्हीकडची धूळ मऊ ब्रशने काढून, इपॉक्सी अगदी पातळ, फक्त मधल्या भागात. खडूच्या खुणा जुळवल्या, वर वाळूच्या पिशव्या. रात्रभर हात लावला नाही.

२९ जून, शनिवार

मधल्या भागावर आता दोनेक सेंटिमीटर दगड. हिऱ्याच्या छोट्या चकतीने त्यात आडव्या-उभ्या चिरा पाडल्या, चौकोन एकेक करून छिन्नीने उडवले. शेवटचे चार-पाच मिलिमीटर मशीनला हात लावायचा नाही. धुळीत क्वार्ट्झ असतं, म्हणून चांगला मास्क आणि काम बाल्कनीत. दुपारी एक ते तीन इमारतीत शांततेची वेळ, त्यात चकती बंद.

मग सुई. एका संध्याकाळी काडेपेटीएवढा भाग होतो, त्याहून जास्त नाही. शंख जवळ आला की दगडाचा मंद करडा रंग जाऊन गडद, किंचित चकचकीत होतो. तिथे सुई उभी धरायची नाही, आडवी सरकवायची. कित्येक ठिकाणी शेवटचा थर आपणहून टवका होऊन निघतो आणि खाली सुरकुत्या जशाच्या तशा दिसतात. पायराइट आहे तिथे मात्र तो निघत नाही, सुईच वाकते.

ओळखीतल्या एकाने पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाकळ्या सुचवल्या. काही चुनखडीच्या अमोनाइटना त्या लागू पडतात. पण कातडी जाळणारं रसायन, घरात दहा वर्षांचं पोर आणि पाण्याने धुवावा लागणारा शेल. नको.

१३ जुलै, शनिवार

पायराइटचा कडक भाग सुईने होईना, म्हणून आजोबांच्या तळघरात त्यांच्या यंत्रावर लोखंडाच्या बारीक पुडीचा मारा. दाब कमीत कमी, नळी तिरकी. पहिल्यांदा टाकाऊ तुकड्यावर हात बसवला. तासाभरात जे झालं ते सुईने दोन आठवड्यांत झालं नसतं.

२० जुलै, शनिवार

सुरकुत्यांच्या खाचांत नारिंगी ठिपके. पुडी अडकून राहिली आणि गंजली. फुंकून काढली होती, पण पुरेशी नाही. आता भिंगाखाली सुईच्या टोकाने एकेक ठिपका उचलतेय, वर लहान चुंबक फिरवतेय. यंत्र वापरलंत तर त्याच दिवशी ब्रश, फुंकर आणि चुंबक, तिन्ही करा. उद्यावर टाकू नका.

३ ऑगस्ट, शनिवार

श्टुटगार्टच्या रोझेनश्टाइन पार्कमधल्या लोवेनटोर संग्रहालयात गेलो. इतके दिवस मी याला हार्पोसेरस म्हणत होते, कारण या खडकात मोठा अमोनाइट म्हटलं की पुस्तकात तोच पुढे येतो. काचेआडचे दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्यावर शंका उरली नाही. हार्पोसेरसच्या फासळ्या कोयत्यासारख्या वळलेल्या, कडेला धार, आणि वेढे एकमेकांवर चढलेले. आमच्या लादीतले वेढे एकमेकांना जेमतेम टेकतात, फासळ्यांऐवजी बारीक चुण्या. हा लायटोसेरस. आजोबांनीही फोटो पाहून मान डोलावली, म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

हा इतका चपटा का, हे लेकाने विचारलं. शंख ॲरागोनाइटचा (चुन्याचं सहज विरघळणारं रूप), तो चिखलात विरघळून गेला. उरला तो शंखावरचा सेंद्रिय पापुद्रा, आणि त्याच्यावर चिखलाचा भार. हार्पोसेरसच्या जबड्याच्या जोड झडपा मात्र कॅल्साइटच्या (चुन्याचं जास्त टिकाऊ रूप), म्हणून त्या पुष्कळदा शाबूत मिळतात. लेकाच्या लहानशा संग्रहात अशी एक झडप निघाली, तिला तो आजवर शिंपला समजत होता.

३१ ऑगस्ट, शनिवार

तिन्ही तुकडे जोडले. आधी कोरडे जुळवून पाहिले, मग इपॉक्सी. उडालेल्या टवक्याची जागा तळहाताच्या निम्म्याएवढी. शेलचा चुरा इपॉक्सीत कालवून ती भरली आणि पृष्ठापेक्षा केसभर खाली ठेवली. नवऱ्याचं म्हणणं, त्यावर सुरकुत्या कोरून तपकिरी रंग दे, कोणाला कळणार आहे? मला ते पटत नाही. बाजारात असे ‘अखंड’ अमोनाइट पाहिलेत, निम्मे रंगवलेले. सगळ्यावर चकचकीत वॉर्निश मारायचीही एक पद्धत आहे, त्याने सुरकुत्यांची छाया मरते. इथे करडं भोक करडंच राहील.

संध्याकाळी सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवला. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी घरात आलाय हे त्यांना पक्कं लक्षात. “शाळिग्राम आहे तो, त्याला सुया कसल्या टोचतेस?” तसं त्या अगदीच चुकीचं बोलत नाहीत. गंडकीतले शाळिग्राम हे अमोनाइटच, तेही ज्युरासिक काळातलेच, फक्त गोट्यात जपलेले. तुळशीचं पान ठेवायचं कबूल केलं. अभिषेक मात्र नाही, पाणी लागलं की उन्हाळाभराचं काम गेलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

पाठीला १२ मिलिमीटरचा प्लायवूड, इपॉक्सीच्या मोजक्या टिपक्यांनी. सलग थर लावला तर लाकूड हलेल तसा दगड ओढला जातो. सगळं मिळून २३ किलो. भाड्याच्या घरातली जिप्समची भिंत हे पेलणार नाही, म्हणून बाऊमार्क्टमधून (घरबांधणीच्या सामानाचं दुकान) बीच लाकडाच्या पट्ट्या आणून जमिनीवर उभा राहणारा तिरका स्टँड केला. गणपतीच्या आधी होणार होता, झाला नाही. मखर दुसऱ्या कोपऱ्यात लावावं लागलं.

खर्च: छिन्न्या आणि सुया ४५ युरो, पॅरालॉइड व एसिटोन ३०, इपॉक्सी ३८, हिऱ्याच्या चकत्या १६, मास्क-चष्मा २२, प्लायवूड व पट्ट्या ४१, हायग्रोमीटर १२. डीह्युमिडिफायर उसना. ग्लासफायबरचा ब्रश घेतला त्याचे ९ युरो वाया. त्याचे काटे बोटात जातात आणि पापुद्राही खरवडला जातो. सर्वात उपयोगी पडलेली वस्तू म्हणजे क्लिंग फिल्म.

२६ ऑक्टोबर, शनिवार

हीटर सुरू झाले आणि खोलीतली आर्द्रता ३४ टक्क्यांवर आली. डाव्या खालच्या कोपऱ्यात, जीवाश्माच्या बाहेर, केसासारखी चीर. कुजायला नको म्हणून कोरडं ठेवायचं, पण एकदम कोरडं झालं तरी शेल उलतो. स्टँड रेडिएटरपासून लांब, आतल्या भिंतीला हलवला. आता ४५ ते ५० च्या मधे ठेवायचा प्रयत्न आहे.

चिरेत पातळ सुपरग्लू सोडला. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली आहे. रेघ ओलांडून चीर पुढे सरकली तर प्लायवूड काढून पाठ पुन्हा करावी लागेल.